रिलीव्हर आला का?

४ नोव्हेंबर

पोचलो एकदाचे! पहाटे सांगली सोडली आणि दुपारी दोनला चाकणजवळ, कुरुळीच्या अलीकडे, आमची गाडी बांधणाऱ्या बबनरावांच्या शेडसमोर भाड्याची जीप थांबली. सामान म्हणजे दोन सुटकेस, प्रेशर कुकर, माझा मिसळणाचा डबा, यशवंतच्या नकाशांची लांबलचक नळी, आणि आम्ही दोघं. दोघांचं वय मिळून एकशे एकतीस. बाकीचा संसार वाटून टाकला. फ्लॅटमध्ये भाडेकरू आले. दिवाणावरच्या चादरी धाकट्या जावेला देताना दोनदा उलगडून पाहिल्या, पण जीप बायपासला लागली आणि मी चक्क शाळेतलं सहलीचं गाणं म्हणायला लागले.

आमची विजयश्री बंगलोरला असते. ती फोनवर म्हणते, आई, याला ओव्हरलँडिंग म्हणतात. गाडीतच घर करायचं आणि जमिनीवरून, घाई न करता, महिनोन्महिने लांब लांब जायचं. यशवंत याला गेली चाळीस वर्षं ‘एकदा निघू या’ म्हणत आला. पाटबंधारे खात्यातल्या नोकरीत एकेका धरणावर पाच-पाच वर्षं अडकून पडलेला माणूस तो. संध्याकाळी नकाशा उघडायचा आणि बोटाने राजस्थानात जायचा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या हृदयात दोन स्टेंट बसले. दवाखान्यातून घरी आल्या आल्या म्हणाला, जया, आता निघालोच पाहिजे.

(चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणते. डायरीत मात्र पहिल्यापासून यशवंत. पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये सिस्टर फिलोमिना रोज संध्याकाळी दहा ओळी लिहून घ्यायच्या आणि सांगायच्या, डायरीत खोटं लिहायचं नाही, तिथे कुणी परीक्षक नसतो.)

गाडी पाहिली. छोट्या ट्रकच्या सांगाड्यावर बबनरावांनी घर बांधलंय. पलंग, ओटा, बेसिन, छतावर सोलरच्या पाट्या. अजून रंग आणि वायरिंग बाकी आहे. तोवर शेडच्या वरची खोली आमची. निघायचं सोळा तारखेला. आळीपाळीने चालवायची, दोन तास त्याने, दोन तास मी. नाशिक, धुळे, डिसेंबरात राजस्थान, आणि पाय साथ देतील तर जूनमध्ये लडाख.

७ नोव्हेंबर

इथे गावही आहे आणि कारखानेही, आणि दोघं एकमेकांच्या अंगावर बसलेत. बबनरावांची तीन एकर याच जागी होती. आता तिथे शेड, वेल्डिंगच्या ठिणग्या आणि मध्येच एक राखलेलं चिंचेचं झाड. स्वतः बबनराव साठीचे, पांढरी टोपी, बोलणं सतत चालू. मला म्हणाले, काकू, आमच्या आज्यानं हितं ज्वारी पेरली, आमी लोखंड पेरतो. ज्वारी तरी खाता यायची, असं आतून त्यांच्या बायको रुक्मिणीबाई ओरडल्या. त्यांनी सकाळी भाकरी आणि पावट्याची उसळ पाठवली. उसळ इतकी झणझणीत की यशवंतचं टक्कल लाल झालं.

सांगाडा कुठून आणला ते यशवंतने खोदून खोदून विचारलं. बबनराव म्हणाले, एका कंपनीच्या लिलावातनं उचलला. टेस्टिंगची गाडी व्हती. विकायच्या आधी कंपनी एक-दोन गाड्या जीव जाईस्तोवर पळवून बघती, त्यातली ही. पर ही काय मेली न्हाई बघा, इंजिन अजून वाघावानी हाय.

दुपारी तीनला भोंगा होतो आणि पाळी बदलते. मग बसगाड्या, दुचाक्या, डबे हलवत जाणारी माणसं. रस्ता तासभर हलत नाही. आम्ही दोघं खिडकीत चहा पीत ती गर्दी बघतो. यशवंत म्हणाला, बघ, सगळं जग अडकलंय आणि आपण निघणार!

गेटवर रंगराव म्हणून पहारेकरी आहेत, लातूरकडचे, वाळलेले, कमी बोलणारे. मी चहा नेऊन दिला. त्यांनी उठून घेतला, पण आमच्या गाडीकडे पाठ करूनच प्यायले.

१० नोव्हेंबर

आज गाडीची पूजा. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबं, नारळ यशवंतने एका दणक्यात फोडला. पेढे वाटताना बबनराव रंगात आले आणि टेस्टिंगच्या ड्रायव्हरांच्या गमती सांगायला लागले.

ही गाडी महिनोन्महिने एकाच फेऱ्यावर पळत होती म्हणे. चाकण, तळेगाव, देहूरोड, निगडी, तळवडे, चिखली, मोशी, परत चाकण. तीन पाळ्या, तीन ड्रायव्हर. इंजिन बंद करायचं नाही. एकाची पाळी संपली की दुसरा, म्हणजे रिलीव्हर, रस्त्यातच गाडी गाठायचा. दारावर तळहाताने दोन थापा मारायचा आणि म्हणायचा, आलो, उतर. मग बसलेला डाव्या दाराने सरकून खाली आणि नवा उजव्या दाराने वर. थापा पडल्याशिवाय कुणी उतरायचं नाही आणि सीट गार होऊ द्यायची नाही. हा नियम कंपनीचा नव्हे, ड्रायव्हर लोकांनी आपसात पाळलेला.

मला ते फार गोड वाटलं. बोर्डिंगमध्ये रात्री चॅपलमधल्या दिव्याजवळ आम्ही मुली अशाच पाळीने बसायचो. मी म्हटलं, अहो, तुम्ही करा ना तसं, विजयश्रीला व्हिडिओ पाठवू. इंजिन तपासायला चालूच ठेवलं होतं. यशवंतने पोट आत घेतलं, दारावर दोन थापा मारल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाला, आलो, उतर! सगळे हसले. गाडी जरा हलली, एखादा जड माणूस पायरीवरून उतरल्यासारखी. स्प्रिंगा नव्या आहेत, असं बबनराव म्हणाले. यशवंत चढून बसला आणि त्याने मला सलाम ठोकला.

गेटजवळ रंगराव उभे होते. हातातला पेढा खाली पडलेला. तो त्यांनी उचलला नाही.

१३ नोव्हेंबर

यशवंत गाडीतून उतरायला तयार नाही. नवं खेळणं मिळालेल्या मुलासारखं झालंय त्याचं. चहा तिथे, वर्तमानपत्र तिथे. काल दुपारी स्टिअरिंगवर हात ठेवूनच झोपला. वर खोलीत आला की चार पायऱ्यांत धाप लागते, ओठ पांढरे पडतात. परत जाऊन बसला की चेहरा टवटवीत.

मी हट्टाने चाकणच्या डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम जुन्यासारखाच आहे. डॉक्टर म्हणाले, आजी, आजोबांना प्रवासाची उत्सुकता आहे, दुसरं काही नाही. मला हायसं वाटलं. परतताना रिक्षात मात्र तो घामाघूम होऊन दोनदा म्हणाला, लवकर चला, तीन वाजतील.

तीनला काय होतं, मी विचारलं. माहीत नाही गं, म्हणाला, आणि पुन्हा घड्याळ पाहिलं.

१६ नोव्हेंबर

निघालो!

सकाळी सातला रुक्मिणीबाईंनी औक्षण केलं, दशम्या बांधून दिल्या. यशवंत गाडी चालवतोय, मी शेजारी डायरी मांडीवर घेऊन. चाकणच्या तळेगाव चौकात सरळ गेलं की नाशिकचा रस्ता. यशवंत डावीकडे वळला. मी म्हटलं, अहो, इकडे कुठे? तो म्हणाला, हो की, चुकलंच. हसलासुद्धा. पुढे वळवतो म्हणाला.

वळवली नाही. तळेगाव आलं. मग देहूरोड, निगडी. मी नकाशा दाखवत राहिले. तो मान डोलवायचा आणि चौक आला की त्याचे हात भलतीकडेच वळायचे. तळवडे. चिखली. मोशीचा पूल. दुपारी एकला आम्ही पुन्हा कुरुळीवरून गेलो, बबनरावांच्या गेटवरून. रंगराव स्टुलावरून उठून उभे राहिले.

माझी पाळी आहे, उतरा आता, असं मी चारदा म्हटलं. पुढच्या चौकात देतो, असं तो चारदा म्हणाला.

बरोबर तीनला त्याने गाडी कडेला हळू केली आणि आरशात पाहत राहिला. कोण येणार आहे, मी विचारलं. माझ्याकडे न बघता त्याने मला विचारलं, रिलीव्हर आला का वो?

‘वो’ म्हणाला. यशवंत कधी ‘वो’ म्हणत नाही.

१७ नोव्हेंबर

रात्रभर तोच फेरा. मी मागच्या पलंगावर पडून होते. झोप कुठली.

सकाळी दहीभात कालवून चमच्याने भरवला. खातो. पाणी पितो. पण उठत नाही. शेडमध्ये होतो तोवर उतरायचा तरी, फेरा सुरू झाल्यापासून तेही नाही. पंपावरही इंजिन चालू ठेवूनच डिझेल घ्यायला लावलं. पंपावरचा माणूस नको नको म्हणत होता, मग यशवंतच्या डोळ्यांकडे बघून त्याने भरून दिलं. शरीरधर्मासाठी मी डबा धरला. लाज त्यालाही नाही, मलाही नाही. बेचाळीस वर्षांचा संसार आहे.

डाव्या तळहातावर उजव्या अंगठ्याने काहीतरी मळत असतो. तंबाखू मळल्यासारखं. हातात काही नाही. आयुष्यात त्याने सुपारीसुद्धा खाल्लेली नाही.

ओढून पाहिलं. दंडाला धरून, दोन्ही पाय लावून, सगळा जोर लावून. तो मला समजावत होता, जया, हात मोडेल गं तुझा. आवाज त्याचाच, प्रेमळ. पण जागचा हलला नाही.

विजयश्रीला फोन केला. बाबांना विसर पडायला लागलाय का, म्हणाली. टेस्ट करून घेऊ, मी सुट्टी बघते. काय सांगू तिला?

१८ नोव्हेंबर

आज मी किल्ली फिरवली.

तळेगाव चौकात जाम होता. तो आरशात बघत होता. मी हात घालून इंजिन बंद केलं.

त्याचा श्वास थांबला.

छाती वर आलेली, तिथेच राहिली. डोळे उघडे. मी हाका मारल्या, गालावर मारलं. ओठ निळे होत गेले. मला त्या क्षणी रामरक्षा आठवेना, शाळेतली मेरीमातेची प्रार्थना तोंडात आली, ती अर्धी म्हणून होईपर्यंत नाकाजवळ धरलेल्या बोटाला काही लागेना. मी किल्ली उलटी फिरवली. इंजिन लागलं आणि त्याने श्वास घेतला. पाण्यातून वर आल्यासारखा.

म्हणाला, बंद नको करू, जया. सीट गार होते.

मागचे हॉर्न वाजवत होते. एक रिक्षावाला खिडकीशी येऊन म्हणाला, ओ आजी, गाडी चालवता येत नाही तर नातवाला पाठवा की!

मग दहा तारखेचा व्हिडिओ काढून पाहिला. यशवंत दारावर थापा मारतो. आलो, उतर. आणि गाडी डाव्या अंगाला खाली दबते, डाव्या दाराच्या पायरीजवळ, आणि मग उसळून वर येते. तिथे कुणीच नाही. पुन्हा पाहिला. पुन्हा. कुणीतरी उतरलं. माझ्या नवऱ्याने त्याला उतरवलं आणि त्याच्या जागी बसला.

आणि मी सांगितलं होतं करायला. व्हिडिओत माझंच हसणं ऐकू येतं.

१९ नोव्हेंबर

जाम होता म्हणून उतरता आलं. कुरुळीच्या अलीकडे गाड्या इतक्या ठप्प होत्या की मी पायी पुढे गेले, शेडपर्यंत, आणि रंगरावांचा हात धरला. म्हटलं, तुम्हाला माहीत आहे. सांगा.

सांगितलं. उभ्या उभ्या, जमिनीकडे बघत.

ते याच गाडीवर होते, चार वर्षांपूर्वी. पहिली पाळी भिवाची, दुसरी रंगरावांची. भिवा बीडकडचा, तंबाखूचा शौकीन, गडी भोळा. एका दिवशी रंगरावांना मेव्हण्याच्या लग्नाच्या सुपारीला जायचं होतं. त्यांनी फोन केला, भावा, माझी पाळी तूच ओढ, उद्या तुझी मी करतो. भिवा बरं म्हणाला. रात्रीचा तिसरा माणूसही आला नाही. भिवा ती पाळीही बसला. सकाळी त्याची स्वतःची पाळी होती, तीही बसला. दुपारी तीनला गाडी कडेला घेतली. लोकांनी पाहिलं तेव्हा इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर, डोळे आरशाकडे. जीव केव्हाच गेलेला.

रंगराव म्हणाले, उतरायचा की तो! गाडी बंद करून उतरायचा! पण थाप पडल्याबिगर उतरायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

बबनराव शेजारी टोपी हातात घेऊन उभे. देवाशपथ काकू, गाडीवर माणूस गेला येवढंच ठावं व्हतं, म्हणाले. माणसं तर समद्याच रस्त्याला जात्यात, असं मनाला सांगितलं.

मी रंगरावांच्या पाया पडले. हो, पडले. म्हटलं, त्या पाळीचे रिलीव्हर तुम्हीच. माझ्या माणसाला उतरवा. त्यांनी मला उठवलं. येतो म्हणाले. उद्या तीनला.

पळत परत आले तेव्हा गाडी पन्नास पावलंही पुढे सरकली नव्हती. या जामला मी कधी शिव्या देणार नाही.

२० नोव्हेंबर

रंगराव आले होते. अंघोळ करून, धुतलेला सदरा, कपाळाला बुक्का. तीनला शेडच्या अलीकडे गाडी हळू झाली. ते उजव्या दाराशी आले. हात वर केला.

काचेतून आत पाहिलं आणि हात तसाच राहिला. म्हणाले, तसाच बसलाय गं बाई तो, तस्साच. मग रस्त्यावरच बसले आणि भिवाची माफी मागायला लागले. लोकांना वाटलं, प्यालेत. ट्रॅफिक पोलिसाने त्यांना बाजूला केलं, आणि आम्हाला पुढे काढलं.

थाप पडली नाही.

संध्याकाळी बबनरावांचा फोन. रंगराव बोचकं घेऊन गेले. गावाकडे. मी त्यांना बोल लावत नाही. लावते. नाही लावत.

भिवा चार पाळ्या टिकला, तरणा गडी. यशवंतच्या आज तेरा पाळ्या झाल्या. पायाला सूज आहे. नखं निळी. मधूनमधून तो माझा असतो. आज देहूरोडला म्हणाला, जया, राजस्थान आलं का? मी हो म्हटलं. वाळू आहे का खूप? हो, म्हटलं, खूप आहे.

सिस्टर, डायरीत नाही खोटं लिहिलं. त्याला खोटं सांगितलं.

२१ नोव्हेंबर, दुपारी दोन

ठरलं. दुसरं कुणी नाही. आणि असतं तरी कुणाच्या घरचं माणूस मागू मी?

बबनरावांना बजावलंय, डाव्या बाजूला उभे राहा, तो खाली आला की धरा, दवाखान्यात न्या, मागे वळून बघू देऊ नका. बबनराव रडत म्हणाले, काकू, मीच बसतो. रुक्मिणीबाई मागे उभ्या होत्या, पदर तोंडात धरून. मी म्हटलं, व्हिडिओ मी काढला होता, बबनराव.

माझं हृदय चांगलं आहे. गुडघे तेवढे वाईट. बसूनच तर राहायचंय.

शेवटचा घास भरवला. मिशीला लागलेलं दही पुसलं.

२१ नोव्हेंबर, चार नंतर. जाम

मारल्या. दोन थापा. तळहात अजून झिणझिणतोय. म्हटलं, आले, उतर.

तो लगेच सरकला. किती हलका होऊन सरकला! इतक्या दिवसांत ओढून जो हलला नाही तो. बबनरावांनी धरलं. मी चढले. सीट गरम होती. आरशात दिसलं, तो चालतोय, बबनरावांच्या खांद्यावर, पाय ओढत, पण चालतोय. श्वास घेतोय!

हात स्टिअरिंगला चिकटत वगैरे नाहीत. सोडावेसे वाटत नाहीत, एवढंच. डायरी स्टिअरिंगवरच टेकवून लिहितेय.

चौकात सरळ जायचं ठरवलं होतं. डावीकडे वळले.

२२ नोव्हेंबर. सकाळ, चिखली

यशवंत बरा आहे. दवाखान्यात झोपला रात्रभर. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलंय, पुन्हा असा ताण झाला तर आम्हाला विचारू नका. विजयश्री विमानाने निघतेय. पाचपर्यंत पोचेल, त्याला बंगलोरला घेऊन जाईल. तिला एवढंच सांगितलं, बाबांना ने. आज. प्रश्न विचारू नकोस.

पाचपर्यंत फक्त. पाच वाजले की तो सुटला.

माझ्या तळहातावर अंगठा फिरतोय. मी फिरवत नाहीये.

दुपारी एक. तळेगाव

त्याचा फोन आला. सगळं कळलंय. बबनरावांच्या पोटात काही राहत नाही.

म्हणाला, कुठे आहेस? मी म्हटलं, नाशिकच्या जवळ, छान हवा आहे. तो म्हणाला, हे हॉर्न नाशिकचे नाहीत.

मग म्हणाला, तीनला येतो. तुझी पाळी संपली. आळीपाळीने चालवायची ठरलं होतं.

रागावले. कधी नाही इतकी. मेलास तर तोंड बघणार नाही, असलं काहीतरी बोलले. तो हसला. म्हणाला, दोन थापांचं तर काम, जया. तू रात्री थोडी झोप, सकाळी मला उतरव. मग मी तुला. असंच.

असंच. म्हणजे कायमचं. तो मला, मी त्याला. आणि तो दुसरी पाळी पुरी करणार नाही. डॉक्टर म्हणाले ना—

बबनरावांना फोन. दवाखान्यातल्या त्याच्या खोलीला कुलूप लावा म्हटलं. लावतो म्हणाले.

अडीच. मोशीच्या पुढे

बबनराव. काकू, माफ करा, पाणी आणायला गेलो तेवढ्यात— पलंगावर न्हाईत. रिक्षा केली म्हणे दवाखान्याच्या गेटवरून—

विजयश्रीचा फोन लागत नाही. विमानात.

वेगाने जाऊ म्हटलं. पाय दाबत नाही. गाडी तिच्या चालीनेच—

तीनला दहा

जाम. कुरुळी दिसतेय. पुढे ट्रक, मागे बसगाडी. डावीकडे जागा नाही.

खिडकी वर केली. कुलूप लावलं. पण दार उघडावं लागतच नाही त्याला. नुसती थाप. बाहेरून. तो शब्द—

हॉर्न वाजवत राहू का? नाही ऐकू आलं तर— तर नाही ना लागत?

देवा. मेरीमाते. कुणीही.

भोंगा झाला. तीन

आरशात आहे.

गाड्यांच्या मधून येतोय. दवाखान्याचा पांढरा सदरा, पायात रबरी चपला. हातात पाण्याची बाटली, माझ्यासाठी. दुचाकीवाल्याला हात करतोय, थांब बाबा, जाऊ दे—

यशवंत, मागे जा.

ओरडतेय. काच वर आहे. त्याला वाटतंय मी बोलावतेय. हात हलवला त्याने.

माझ्या तोंडात येतंय रिलीव्हर आला का. मी म्हणत नाहीये. दात मिटून धरलेत. मी नाही म्हण—

पुढचा ट्रक हलला. जागा झाली. दहा हात. गिअर पडला. सरकले—

तो धावायला लागला. छातीवर हात धरून—

थांबले.

तो चालतोय. हसतोय. चार गाड्या मागे.

सरकले तर धावतो. थांबले तर—

ट्रक हलतोय पुन्हा. दोन गाड्या मागे. ओठ निळे आहेत त्याचे, इथून दिसतंय. धावू नकोस रे. पाया पडते. सरकू का, थांबू का, कोणीतरी सांगा, सर—